नागपुरांत ऐकलेलें स्पॅनिश

नागपुरास जाणारा पुण्यामुंबईकडील मनुष्य बहुधा संत्र्यांची करंडी आणि शून्य मैलाचा स्तंभ एवढ्यावर समाधान मानून परत येतो. हिवाळी अधिवेशनाच्या निमित्तानें जाणाऱ्या मंडळींस तर तेवढीहि सवड नसते. आम्ही गेल्या मार्गशीर्षांत आठ दिवस त्या शहरीं राहून आलों, ते मात्र डोळ्यांपेक्षां कानांच्या ओढीनें. पाहण्याजोगीं शहरें महाराष्ट्रांत पुष्कळ आहेत. ऐकण्याजोगीं थोडीं, आणि त्या थोड्यांत नागपूरचें स्थान फार वरचें, असें आमचें जुनें मत आहे. मराठी, हिंदी आणि वऱ्हाडी यांच्या जोडीला या खेपेस तेथें स्पॅनिशहि ऐकावयास मिळेल, अशी मात्र आमची कल्पना नव्हती.

शहराला असे नाना सूर लाभण्यास कारणेंहि तशींच घडलीं आहेत. गोंड राजा बख्त बुलंद यानें अठराव्या शतकाच्या आरंभीं वसविलेलें हें नगर पुढें भोसल्यांची राजधानी झालें. १८६१ पासून तें इंग्रजांच्या मध्यप्रांताचें मुख्य ठाणें होतें. आणि १९५६ पर्यंत तें ज्या राज्याची राजधानी होतें, त्या राज्यांत हिंदी बोलणारे व मराठी बोलणारे जिल्हे एकाच दोरींत बांधलेले होते. १९५६ सालीं तें मुंबई राज्यांत व १९६० सालीं महाराष्ट्रांत आलें खरें, पण शंभर वर्षांचा शेजार कागदावर सही झाल्यानें तुटत नसतो. स्टेशनावरून महालांत जातांना आमच्या रिक्षावाल्यानें बोलण्यास सुरुवात हिंदींत केली, वाटेंत तो मराठींत आला, आणि भाड्याची गोष्ट निघतांच पुन्हां हिंदींत गेला.

'मी जाऊन राहिलों', 'तूं काय करून राहिला' हा नागपुरी प्रयोग ऐकून पुण्याचा मनुष्य गालांत हांसतो. वस्तुतः हिंदीच्या 'जा रहा हूँ' या रूपाला मराठी अंगरखा चढवून केलेली ती एक सोयीची जोड आहे, व नेहमींचें जाणें आणि या क्षणीं चाललेलें जाणें यांतील भेद ती चांगला दाखविते. खेड्याकडील बोलींत 'मला-तुला' याचें 'मले-तुले' होतें, 'पाणी' याचें 'पानी' होतें. आणि सर्वांत कानांत भरणारी गोष्ट म्हणजे ळ चा य होतो. डोळा तो डोया, केळी ती केयी, पोळी ती पोयी, काळा तो काया. सर जॉर्ज ग्रियर्सन यांच्या भाषापाहणीचा मराठीवरील खंड १९०५ सालीं निघाला. त्यांत या वऱ्हाडी-नागपुरीला तिची स्वतंत्र जागा दिलेली आहे. आपल्या सुशिक्षित घरांतून मात्र तिला अद्याप जागा मिळते ती बहुधा विनोदांत.

परक्या जिभेनें या मुलखांतील नांवांचें काय केलें, तेंहि ऐकण्यासारखें आहे. शहराच्या मध्यभागीं सीताबर्डीची टेकडी आहे. १८१७ च्या नोव्हेंबरांत भोसल्यांच्या आणि इंग्रजांच्या फौजांची लढाई तेथेंच झाली. गांवचे लोक तिला नुसतें 'बर्डी' म्हणतात. पण इंग्रजी कागदोपत्रीं र चा ल होऊन ती 'सीताबल्डी' झाली, आणि त्या स्पेलिंगाकडे पाहून कांहीं लोक तिला 'सीताबुल्डी' म्हणूं लागले. कन्हान नदीच्या कांठची कामठी येथून नऊदहा मैलांवर आहे. तेथें इंग्रजांनीं १८२१ च्या सुमारास छावणी वसविली आणि नांव लिहितांना म व ठ यांच्या मध्यें एक प घातला. हा प कोठून आला, असें तेथील एका दुकानदारानें आम्हांस विचारलें. उत्तर तोंडांतच आहे. म म्हणतांना ओठ मिटलेले असतात आणि वारा नाकांतून जात असतो. ओठ उघडण्यापूर्वींच नाकाची वाट बंद झाली, तर त्या दोहोंच्या सांध्यांत आपोआप प उमटतो. इंग्रजांच्या 'टॉमसन' या आडनांवांत कोणी प लिहितात व कोणी लिहीत नाहींत, त्याचें मूळहि हेंच. त्यांनीं कामठीची थट्टा केली नाहीं. त्यांना जसें ऐकूं आलें, तसें त्यांनीं लिहिलें. मनुष्य परकी भाषा कानानें ऐकत नाहीं, आपल्या जिभेनें ऐकतो, असें म्हणावयास हरकत नाहीं.

आम्ही उतरलों होतों ते महालांतील एका जुन्या वाड्यांत. यजमान आमचे पूर्वींचे स्नेही. संस्कृत शिकविण्यांत त्यांचें सारें आयुष्य गेलें. दोन मुलगे, दोन सुना, नातवंडें असा एकत्र संसार आहे. सर्वांना ते आजोबा व त्यांच्या पत्नी आजी, म्हणून आम्हीहि त्यांस तसेंच म्हणतों. थोरली नात एम्. ए. झालेली. दक्षिण अमेरिकेंतील गिऱ्हाइकांशीं बोलावयाच्या एका नोकरीची तिला आशा होती, आणि त्यासाठीं फाल्गुनांत तोंडी परीक्षा द्यावयाची होती. म्हणून माडीवर रोज सायंकाळीं स्पॅनिशाचें पाठांतर चाले.

तिच्यापाशीं जें पुस्तक होतें तें इंग्रजांसाठीं लिहिलेलें. त्याचीं पहिलीं वीस-पंचवीस पानें उच्चारांचीं, आणि तीं बहुतेक सगळीं ताकीद देण्यांत खर्चीं पडलेलीं. स्पॅनिशांत स्वर पांचच : आ, ए, इ, ओ, उ. ते आंखूड, स्वच्छ आणि ठाम असतात. इंग्रज मनुष्याला असा निर्मळ ओ काढतां येत नाहीं. त्याच्या तोंडून 'नो' या दोन अक्षरी शब्दाचें 'नोऊ' होतें. शब्दांत ज्या स्वरावर आघात नसतो, तो स्वर तो अर्धवट गिळतो. त्याचा त दांतांवर न टेकतां हिरडीवर टेकतो, म्हणून आपल्या कानाला तो ट वाटतो. शब्दारंभींच्या प, त, क यांच्यामागून तो श्वासाचा झोत सोडतो. एवढें सगळें एकत्र झालें कीं 'पेद्रो' या साध्या नांवाचें 'फेइड्रोऊ' होऊन बसतें. पुस्तक सांगतें कीं तोंडापुढें कागदाचा कपटा धरावा, आणि प म्हणतांना तो हालणार नाहीं इतका अभ्यास करावा.

आजोबा हें ऐकून प्रसन्न झाले. प आणि फ, त आणि थ, क आणि ख हे निरनिराळे आहेत, हें ज्यास पांचव्या वर्षीं बाराखडींत शिकविलेलें असतें, त्यास कपटा कशाला हवा? कंठ, टाळू, मूर्धा, दांत व ओठ अशीं पांच स्थानें आपल्याकडील शिक्षाग्रंथांनीं केव्हांच वाटून दिलेलीं आहेत. त या अक्षराला दंत्य म्हणतात, हें मराठी शाळेंतील मुलगाहि सांगेल. मग ही एम्. ए. झालेली मुलगी 'टाको' आणि 'ट्रेस' असें कां म्हणते? कारण उघड होतें. रोमन अक्षर दिसलें कीं आपल्या लोकांची जीभ लगोलग इंग्रजी शाळेंत जाऊन बसते. जे दोष इंग्रजांना जन्मानें येतात, ते ही मुलगी कष्ट करून मिळवीत होती, आणि मग पुस्तकांतील उपायांनीं ते घालविण्याच्या खटपटींत होती. आजोबांनीं तिला एक कोरी वही दिली व सांगितलें कीं सगळा धडा देवनागरींत उतरून काढ. दोन दिवसांत ट चा त झाला आणि 'नोऊ'चें 'नो' झालें.

परंतु देवनागरी हा सर्व रोगांवरील रामबाण नव्हे, हेंहि त्याच वहीनें दाखवून दिलें. 'पुष्कळ' या अर्थाचा शब्द तिनें 'मुचो' असा लिहिला, आणि वाचतांना च चा उच्चार 'चोर' शब्दांतल्यासारखा केला. स्पॅनिशांत च एकच, आणि तो 'चार' शब्दांतला. आपण मराठी लोक एकाच अक्षरानें दोन ध्वनि लिहितों व त्याचा आपल्याला पत्ताहि नसतो. वाड्यांत राहणाऱ्या एका बिहारी विद्यार्थ्यास मात्र तो पक्का ठाऊक होता, कारण मराठींतला 'चोर' त्याला चार महिने छळीत होता. 'गुलाब' या अर्थाचा शब्द 'रोसा'; त्यांत इंग्रजीच्या वळणानें झ घालावयाचा नाहीं. ह लिहितात पण म्हणत नाहींत, म्हणून नमस्काराचा शब्द 'ओला'. ब आणि व हीं अक्षरें दोन, पण ध्वनि एक. त्या बाबतींत स्पेनचे लोक आपल्या बंगाली बंधूंचे शेजारी शोभतील.

याहून नाजूक एक गोष्ट आहे. दोन स्वरांच्या मध्यें आलेला ब, द किंवा ग स्पॅनिशांत पुरता मिटत नाहीं. ओठ ओठांशीं येतात, पण टेकत नाहींत. जीभ दांतांशीं येते, पण अडत नाहीं. आजीला त्या भाषेंत 'आब्वेला' म्हणतात. त्यांतला ब आपल्या 'बाबा'तला नव्हे, तर झोपेंत असलेल्या मुलाजवळ बोलावा तसा, ओठांवरून निसटता. हा नातीला आठवडाभर साधला नाहीं. 'पण' या अर्थीं 'पेरो' आणि 'कुत्रा' या अर्थीं 'पेर्रो' हा भेद मात्र तिला पहिल्याच दिवशीं आला. इंग्रज विद्यार्थी त्या दुहेरी र साठीं महिनेच्या महिने घालवितात म्हणे. ज्या भाषेंत पाखरूं भुर्रकन उडतें आणि कापड टर्रकन फाटतें, त्या भाषेंतल्या मुलीला त्याचें काय कौतुक?

एके दिवशीं सकाळीं आम्ही सर्वजण कळमन्याच्या बाजारांत गेलों. आंबिया बहाराचीं शेवटचीं संत्रीं येत होतीं आणि ढिगांमागून ढिगांचा लिलाव चालला होता. नागपुरी संत्र्याला २०१४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, ही गोष्ट तेथील आडत्यानें आम्हांस दोनदां सांगितली. संत्र्याला स्पॅनिशांत काय म्हणतात, असें धाकट्या नातवानें विचारलें. 'नारान्खा', नात म्हणाली. त्यांतला ख उर्दू 'खबर'मधला, घशांत घांसून येणारा, दक्षिण अमेरिकेच्या पुष्कळ भागांत तोच मऊ होऊन जवळजवळ ह होतो. आजोबा तेथेंच थांबले. आपला 'नारंग' शब्द फारशींत आणि अरबींत 'नारंज' झाला, अरबांबरोबर स्पेनमध्यें गेला व तेथें मुक्काम करून राहिला. पुढें फ्रान्स-इंग्लंडकडे जातांना त्याचा पहिला न गळून पडला आणि 'ऑरेंज' उरलें. ज्या फळाच्या ढिगापुढें आम्ही उभे होतों, त्याचें जुनें नांव स्पेनच्या लोकांनीं इंग्रजांपेक्षां अधिक जपून ठेवलें आहे.

आणि आडत्या ज्याला 'लिलाव' म्हणत होता, तो शब्द तरी कोठला? पोर्तुगीजांचा. गोवा व वसई यांच्या वाटेनें 'पगार', 'घमेलें', 'बटाटा', 'पाव', 'चावी' असे कितीतरी शब्द आपल्या घरांत आले, आणि पोर्तुगीज ही स्पॅनिशाची सख्खी बहीण. पैसे देणें या अर्थीं स्पॅनिशांत 'पागार' हेंच क्रियापद आहे. 'चावी'ची गंमत याहून मोठी. लॅटिनांत किल्लीला जो शब्द होता, त्याच्या आरंभीं 'क्ल' असें जोडाक्षर होतें. पोर्तुगीजांत त्याचा पुढें च-श सारखा ध्वनि झाला, व त्यांतून आपल्याकडे 'चावी' आली. स्पॅनिशांत त्याच जोडाक्षराचा एक निराळाच ध्वनि बनला, जो ते लोक दोन ल लिहून दाखवितात : जिभेचा मधला भाग टाळूला टेकवून दोन्हीं कडांनीं वारा सोडावयाचा, म्हणजे ल आणि य एकजीव झाल्यासारखा 'ल्य' निघतो. तेव्हां किल्लीला स्पॅनिशांत 'ल्यावे' म्हणावें, असें नातीचें पुस्तक सांगत होतें. तिची शिक्षिका मात्र 'यावे' म्हणे.

ही शिक्षिका कोलंबिया देशांतील बोगोटा शहरीं राहणारी. दूरध्वनीच्या पडद्यावर तिचा तास होई; नागपूरचे सायंकाळचे सात म्हणजे तिच्याकडील सकाळचे साडेआठ. कळमन्याहून परतलों त्या दिवशींच्या तासाला आम्ही मुद्दाम माडीवर बसलों. आजी एका बाजूला मेथी निवडीत होत्या. नातीनें विचारलें कीं पुस्तक 'ल्यावे' म्हणतें, आपण 'यावे' म्हणतां, यांत खरें कोणतें? शिक्षिका हांसली. तिनें सांगितलें, दोन्हीं खरीं. मी 'यावे' म्हणतें, रस्त्याला 'काये' म्हणतें. माझी आजी याच शहरांत 'ल्यावे' आणि 'काल्ये' म्हणे. जुन्या पिढीनें ते दोन ध्वनि निरनिराळे ठेवले होते, आमच्या पिढींत ते एक झाले.

नात हें मराठींत सांगत होती, तोंच मेथीच्या जुडीमागून आजींचा आवाज आला, "मंग तिच्या आजीले कोनी हांसलं नाई का वं?"

माडीवर क्षणभर कोणी बोललें नाहीं. आम्ही त्या घरीं पंचवीस वर्षें जातों, पण आजींच्या तोंडून असें बोलणें आम्हीं प्रथमच ऐकलें. त्यामागची हकीकत नातीनें नंतर सांगितली. आजींचें माहेर अचलपूरकडील एका खेड्यांत. घर विद्वानांचें, पण आळी-शेजार सगळा वऱ्हाडी बोलणारा. लग्न होऊन महालांत आल्यावर पहिल्याच सणाला पुण्याकडून आलेल्या नातेवाईक बायकांनीं त्यांच्याकडून 'काळ्या केळ्यांची पोळी' असें वाक्य चारचौघींत पुन्हां पुन्हां वदवून घेतलें. तेव्हांपासून पाहुण्यांपुढें आजी ळ टाळतात. पोळीला त्या चपाती म्हणतात, डोळ्याला नेत्र, बाळाला लेकरूं, नळाला तोटी. 'सकाळ' या शब्दाला तोड सांपडली नाहीं, म्हणून सकाळीं त्या कोणाशीं फारशा बोलत नाहींत. आम्हीहि त्यांस इतकीं वर्षें अबोल स्वभावाच्या समजत होतों.

शिक्षिकेला प्रश्न पोंचवितांच ती गंभीर झाली. हांसत तर आमच्याकडेहि, ती म्हणाली. फक्त उलट्या बाजूनें. तिच्या आजीच्या काळीं डोंगरावरच्या शहरांतील लोक ल्य म्हणत, आणि समुद्रकांठचे लोक य म्हणत म्हणून त्यांना नांवें ठेवीत. आतां डोंगरावरचीं मुलेंहि य म्हणतात व आजीचा ल्य त्यांना जुनाट वाटतो. अर्जेंटिनाच्या राजधानींत तर याच अक्षराचा श होतो. तेथें रस्त्याला 'काशे' म्हणतात.

यांत तिनें कांहीं पदरचें सांगितलें असें नाहीं. स्पॅनिश ही सुमारें वीस देशांची राजभाषा आहे आणि त्यांतील बहुसंख्य लोक आज ल्य चा य च करतात. 'पोल्यो' म्हणजे कोंबडी आणि 'पोयो' म्हणजे दगडी ओटा, 'काल्यो' म्हणजे गप्प झाला आणि 'कायो' म्हणजे पडला, असे शब्द त्यांच्या बोलण्यांत एकरूप होऊन गेले आहेत. प्रसंगावरून अर्थ कळतो. बोलिव्हिया, पॅराग्वे, पेरू यांचे कांहीं भाग आणि उत्तर स्पेनमधील कांहीं वृद्ध मंडळी यांनीं जुना भेद राखला आहे. माद्रिद येथील भाषेची राजमान्य अकादमी १७१३ सालीं स्थापन झालेली, शुद्धतेविषयीं मोठी दक्ष; पण य म्हणणाऱ्याला ती अशुद्ध म्हणत नाहीं. लिहितांना मात्र दोन ल लिहिलेच पाहिजेत. हें जोडअक्षर पूर्वीं वर्णमालेंत स्वतंत्र गणलें जाई. १९९४ सालीं कोशांतील त्याची वेगळी जागा गेली व २०१० सालीं वर्णमालेंतूनहि तें वगळलें. लेखनांत तें होतें तसेंच आहे. स्पेनमधील स आणि थ सारखा ध्वनि यांच्या भेदाचीहि अशीच कथा. दक्षिण अमेरिका तो भेद पाळीत नाहीं, आणि त्यामुळें तिच्या लेखकांस कोणी कमी लेखल्याचें ऐकिवांत नाहीं. स्पेनचा एक राजा बोबडा होता म्हणून दरबारी लोक तसे बोलूं लागले, ही जी गोष्ट सांगतात ती निव्वळ दंतकथा आहे. राजा बोबडा असता तर स सगळाच गेला असता.

त्या रात्रीं जेवणें झाल्यावर वादाला तोंड लागलें. थोरल्या चिरंजिवांचें म्हणणें असें कीं स्पॅनिशाची गोष्ट निराळी; ळ हा मराठीचा प्राण आहे, तो सोडला तर भाषा बिघडेल. यावर आजोबांनीं जें उत्तर दिलें तें आम्हांस फार मार्मिक वाटलें. ते म्हणाले कीं ळ कोठून आला तें तरी पाहा. ऋग्वेदाच्या पाठांत दोन स्वरांच्या मध्यें ड आला म्हणजे त्याचा ळ होतो. पण पुढील संस्कृतांत ळ नाहींच. तेथें 'काल' आहे, 'कमल' आहे, 'नील' आहे. त्यांचे 'काळ', 'कमळ', 'निळा' हे आपण केले. काशीच्या पंडिताच्या कानांनीं ऐकलें तर तोहि बिघाडच. म्हाइंभटांनीं रिद्धपुरास ज्या चरित्राची रचना केली, त्याच्या नांवांतच लीलेची 'लीळा' झालेली आहे, आणि तें रिद्धपूर वऱ्हाडांतलें, हिच्या माहेराहून फार दूर नाहीं. ज्या मुलखांत मराठीचें आद्य गद्य जन्मलें, त्या मुलखांतल्या मुलीला आपण ळ म्हणावयास लावून हांसलों.

'आपण' म्हणतांना त्यांनीं आजींकडे पाहिलें नाहीं. पण त्या सणाच्या दिवशीं ते स्वतः ओसरीवरच बसलेले होते, असें नात म्हणाली.

आमचें स्वतःचें मत सांगावयाचें तर लिहितांना ळ च लिहावा, शाळेंत तोच शिकवावा, याविषयीं आमच्या मनांत किंतु नाहीं. लेखनाची एक रीति सर्वांना सामाईक असली म्हणजे अचलपूर आणि रत्नागिरी यांना एकमेकांचीं पत्रें वाचतां येतात. स्पेन व पेरू यांचें त्याच जोरावर चालतें. पण पत्राचा नियम माजघरांत आणण्याचें प्रयोजन काय? उद्धव शेळके यांची 'धग' ही कादंबरी १९६० च्या सुमारास वऱ्हाडींत आली, तेव्हां पुण्यामुंबईच्या रसिकांनीं ती वाखाणली. तोच रसिक घरांत आलेल्या सुनेच्या तोंडची वऱ्हाडी मात्र सहन करीत नाहीं. शिवाय चिरंजीव ज्या ळ साठीं भांडत होते, त्यांच्या स्वतःच्या मुलांच्या तोंडांत तो हिंदीच्या शेजारानें हळूहळू ल होत चालला आहे. फुटाळ्याच्या तलावाला तीं मुलें खुशाल 'फुटाला' म्हणतात. त्याला कोणी हांसत नाहीं, कारण तो दोष इंग्रजी शाळेंतून येतो. खेड्यांतून आलेला य गांवंढळ, आणि शाळेंतून आलेला ल सुधारलेला, हा न्याय आम्हांस कांहीं केल्या उमगत नाहीं.

परीक्षेच्या दृष्टीनें शिक्षिकेनें सल्ला दिला तो एवढाच कीं ल्य म्हणा किंवा य म्हणा, पण एक काय तें ठरवा व शेवटपर्यंत तेंच ठेवा. नातीनें य पत्करला. आजोबांनाहि एव्हांना छंद लागला होता. त्यांनीं ल्य धरला, कारण तो जुना, आणि उच्चारावयास अवघड. पण नातीचा य सुरुवातीला फार जोरकस येई. इंग्रजी वळणानें ती त्यापूर्वीं एक इ लावी व 'काइये' म्हणे. शिक्षिकेनें दोनतीनदां थांबविलें, तरी जमेना. शेवटीं धाकटा नातू म्हणाला, आजी म्हणते तसा म्हण ना.

तेव्हां आजींना पडद्यापुढें बसविण्यांत आलें. त्यांनीं प्रथम आढेवेढे घेतले, मग पदर सांवरून 'यावे', 'काये', 'काबायो' हे तिन्हीं शब्द एका दमांत म्हटले. शिक्षिकेनें विचारलें कीं या बाई किती वर्षें स्पॅनिश शिकत आहेत. आम्ही निघालों त्या सायंकाळपर्यंत माडीवर नवी व्यवस्था लागलेली होती : आजोबा व नात समोरासमोर बसून शब्द वाचीत, आणि आजी मधोमध, मांडीवर भाजीची परडी घेऊन, दोघांचीहि उजळणी घेत. आजोबांचा ल्य त्यांना मुळींच पसंत नव्हता.